नवापूरचं साम्राज्य

आमच्या चुलतसासऱ्यांइतका अमेरिकेवर डोळा ठेवून असलेला माणूस खुद्द स्पेनमध्येही झाला नसेल. नाना शाळामास्तरकीतून निवृत्त झाले, पण अठराशे अठ्ठ्याण्णव सालच्या एका लढाईतून काही निवृत्त झाले नाहीत. अमेरिका क्युबाला स्पेनच्या तावडीतून सोडवायला गेली, चार महिन्यांच्या आत जिंकली आणि जिंकल्यावर पोर्टो रिको, ग्वाम, फिलिपाईन्स खिशात घालून बसली, ही हकिगत ते रोज सकाळी ओटीवर सांगत. मनिलाच्या उपसागरात अमेरिकन आरमाराने लढाई मध्येच थांबवून न्याहारी केली होती म्हणे. म्हणून नानाही नेमके तिथेच थांबत, आणि भाकरी-कालवण समोर आल्याशिवाय पुढची तोफ उडत नसे. कालवण खारट झालं, तर त्या दिवशी स्पेनची दोन जहाजं जास्त बुडत.

त्या वर्षांत तारापूरला अणुवीजघर उभं राहत होतं आणि बोईसरच्या बाजारात गोरे इंजिनियर दिसू लागले होते. एकाला नानांनी कोलंबीच्या टोपलीपाशी गाठून विचारलं, "क्युबाचं समजलं. फिलिपाईन्स कशाला ठेवलंत?" तो बिचारा म्हणाला, मी फक्त पंपांचं काम बघतो. "अंग काढून घेतात लेकाचे," नाना घरी येऊन म्हणाले.

मी तेव्हा लग्न होऊन वर्ष झालेली, अंगात वारं भरलेली. मी नवापूरला आले नसते तर भरती-ओहोटी वेळेवर झाली नसती, असं मला मनापासून वाटे. त्यातच माझ्या थोरल्या जाऊबाईंवर आक्रमण झालं. त्यांचे यजमान एकदा होडीवर गेले ते परतलेच नव्हते. सुके बोंबील विकून त्या दोन मुली वाढवत होत्या. वाळूत रोवलेल्या बांबूंवर बोंबील टांगायच्या त्यांच्या पाच ओळी. त्यातल्या दोन शेजारच्या म्हातारीने बळकावल्या. "जाव दे गो," जाऊबाई म्हणाल्या. मी कसली जाऊ देते. पदर खोचला आणि तीन सकाळी तोंड चालवलं. "हिच्या तोंडाला कोन लागंल," म्हणत म्हातारी आपले बोंबील काढून गेली.

आता मोकळ्या ओळी बघून ती परत आली तर? म्हणून निव्वळ राखणीसाठी मी तिथे माझे बोंबील टांगले, जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून. मग राखणीची राखण म्हणून तिसऱ्या ओळीवर. चौथी का घेतली ते आजही आठवत नाही; ऊन चांगलं येत असावं. जाऊबाईंकडे एकच ओळ उरली. उरलेला माल त्या खाली जुन्या जाळ्यावर पसरू लागल्या. त्यात वाळू शिरली, आणि बाजारात त्यांची टोपली भरलेलीच परत येऊ लागली. मी मात्र सगळ्यांना सांगत होते, मी होते म्हणून थोरली वाचली.

एके सकाळी नाना मनिलाला थांबले, मी ताट ठेवलं. पहिल्याच घासाला त्यांच्या दाताखाली कचकन आवाज झाला.

"थोरलीचे बोंबील काय?"

"हो. पण नाना, तिच्या ओळी मीच सोडवल्या."

"हां," ते सावकाश चावत म्हणाले. "अमेरिका पन असंच बोलली व्हती."

त्यांनी वाळूसकट ताट संपवलं, हात धुतले आणि त्या दिवशी लढाई पुढे सांगितलीच नाही. तसं आधी कधी झालं नव्हतं.

मी खाली वाळूत जाऊन माझे बोंबील उतरवू लागले. जाऊबाई बघत होत्या.

"आता तू कुठं टांगशील गो बाय?"

"बघीन कुठंतरी."

"एक ओळ ठेव तुला. मी देते म्हनून ठेव."

ती ओळ मी पुढे कितीतरी वर्षं वापरली. दरवर्षी आधी विचारून.

नाना गेल्यावर त्यांचा नकाशांचा जुना संग्रह माझ्याकडे आला. अजून त्याला बोंबलाचा वास येतो. फिलिपाईन्सच्या पानावर कडेला त्यांच्या मास्तरी अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: "अमेरिका निघाली अठ्ठेचाळीस वर्षांनी. धाकटी सून सतराव्या दिवशी."

म्हणजे मी पहिली जोडी टांगली त्या दिवसापासून मोजत होते. आणि मी निघेन, याची त्यांना खात्री होती.