इंजिन बंद केलं तेव्हा

देवीची सेवा म्हणून मी जे केलं, ते खरं तर एका माणसावर जळून केलं होतं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगताना तोंड लपवावं लागणार नाही. तो माणूस म्हणजे इब्राहिमभाई, पनवेलच्या बाजारामागे गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणारे. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. माझ्या वडिलांना ते आवडायचे, एवढाच त्यांचा गुन्हा.

आमच्याकडे वडिलांची जुनी अँबॅसिडर आहे. तिचा रेडिएटर गळायला लागला की वडील तो इब्राहिमभाईंकडे न्यायचे आणि काम संपलं तरी दुपारभर तिथेच गप्पा मारत बसायचे. घरी आले की जेवताना तेच पुराण: गळक्या जागी कथिलाचा डाग कसा दिला, नळ्या कशा साफ केल्या, हात किती हलका. मी डिप्लोमा केला, कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, पण माझ्या कामाला त्यांच्या तोंडून कधी 'बरं केलंस' एवढंसुद्धा निघालं नाही. वडील गेले तेव्हा इब्राहिमभाई आमच्या अंगणात बसून रडले, आणि मला वाटलं, याला काय एवढं रडायचंय? बाप माझा, आणि सगळं कौतुक यांच्या वाट्याला. ही अढी मनात बसली ती बसलीच.

आमच्या गावची देवी चैत्रात एक दिवस कर्नाळ्याच्या पलीकडे तिच्या बहिणीला भेटायला जाते. पूर्वी पालखी चालत जायची. हायवेवरची रहदारी वाढली तसा देवीचा चांदीचा मुखवटा आमच्या गाडीतून जाऊ लागला आणि तो मान आमच्या घराचा झाला. चालवणाऱ्याने अनवाणी चालवायचं, आणि देवी एकदा गाडीत बसली की पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, असा नेम. वडिलांनी तो कधी मोडला नाही. यंदा नेमका आठ दिवस आधी रेडिएटर गळायला लागला. माझ्या चुलतभावाने नवी मोठी गाडी घेतली आहे, त्यामुळे देवी यंदा एसीतून जाऊ दे, अशी गावात कुजबुज सुरू झाली. आईने सांगितलं, इब्राहिमकडे टाकून ये. मी म्हटलं, मला येतं.

घरामागे बसून मी वरची टाकी सोडवली, पितळ घासून लख्ख केलं, नवसागर लावून कथिलाचे डाग दिले. जिथे एक पुरला असता तिथे तीन दिले. पाणी भरून पाहिलं तर थेंब गळेना. तोंडाने देवीचं नाव घेत होतो, पण डोळ्यांपुढे इब्राहिमभाईंचा पडलेला चेहरा होता. तो मला फार आवडला, खोटं कशाला बोलू.

जाण्याच्या दिवशी आई मागच्या सीटवर मुखवटा मांडीवर घेऊन बसली. चुलतभाऊ माणसं भरून मागून येत होता. कर्नाळ्याच्या चढाला ट्रकांची रांग लागली आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढू लागला. मग बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेतली, मागे चुलतभावही थांबला, पण मी इंजिन चालूच ठेवलं. बाटल्यांच्या बाटल्या पाणी समोरच्या जाळीवर ओतलं. आतून ठक ठक आवाज यायला लागला. आणखी पाच मिनिटांत इंजिन जाम होणार हे मला कळत होतं. बंद केलं तर नेम मोडणार आणि मान मागच्या गाडीत जाणार, हेही कळत होतं. माझ्याने चावीला हात लाववेना.

तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. इब्राहिमभाई! लेकीकडे पेणला निघाले होते. ते त्या वेळी तिथे कसे, यावर मी वाद घालत नाही. आले एवढं खरं.

"आधी गाडी बंद करा," ते म्हणाले. मी तुटकपणे नेम सांगितला. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"अहो भाऊ, नेम कसला? पहिल्या वर्षी देवी गाडीतून निघाली तेव्हा या गाडीचा स्टार्टर गेला होता. एकदा बंद केली की ढकलावी लागायची. मीच तुमच्या वडलांना बोललो, देवी बसल्यावर बंद नका करू, रस्त्यात फजिती होईल."

पुढे स्टार्टर नवा बसला, पण तोवर गावाने त्याचा नेम करून टाकला होता. वडील आणि ते दोघं त्यावर हसायचे म्हणे. ते ऐकून नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे आमच्या देवीच्या नेमाची गोष्टसुद्धा यांच्याच जवळ! मी काहीतरी वाईट बोलणार होतो, पण मागून आई मुखवट्यावर पदर धरत म्हणाली, "बंद कर रं बाला. आईला धग लागते."

मी चावी फिरवली. रहदारी चालूच होती, पण मला एकदम सगळं शांत वाटलं. मुखवटा आईकडून घेतला आणि स्वतः चालत चुलतभावाच्या गाडीपाशी गेलो. तो मिशीत हसेल असं वाटलं होतं. त्याने घाईघाईने चपला काढून बाजूला फेकल्या आणि दोन्ही हात पुढे केले. आई त्याच्याच गाडीत बसून पुढे गेली.

इब्राहिमभाई पेणचं विसरून माझ्याजवळ थांबले. इंजिन निवल्यावर त्यांनी रेडिएटर चाचपून पाहिला. "जोड माझ्यापेक्षा साफ झालेत," ते म्हणाले. "पण कथील जास्त झालं. आत उतरून नळ्या बुजल्या. पहिल्या खेपेला माझ्याकडूनही हेच झालं होतं." वडिलांच्या तोंडून ज्या शब्दांसाठी मी बारा वर्षं झुरलो, ते या माणसाने रस्त्याच्या कडेला असे सहज सांगून टाकले.

गाडी झाडाखाली ठेवली आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. पुढे रस्ता खराब होता, त्यांच्या खांद्याला धरावं लागलं. पोचलो तेव्हा आरती होऊन गेली होती. ते बाहेर थांबले. मान गेला याचं वाईट वाटत होतं, अजूनही वाटतं. जळणं एका दिवसात विझत नाही. रेडिएटर मात्र नंतर त्यांच्याकडेच दिला, आणि नळ्या साफ करताना शेजारी बसून शिकलो.

त्या दिवशी देवीपुढे डोकं टेकलं तर मागायला काही सुचेना. शेवटी एवढंच म्हणालो, आई, ज्याच्या दारात जायला नको म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच्याच पाठीमागे बसवून मला तुझ्या दारात आणलंस.