हातावर ताप लिहिणारी डॉक्टरीन

सन २०२१. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि साखरा गावातल्या माझ्या सत्तर मेंढरांना तोवर कुणाची सुई लागलेली नव्हती. जनावरांची रुबीना डॉक्टरीन त्याच साली आली. सेनगावच्या बांगडीवाल्याची पोरगी, अंगानं काडी, आवाज मात्र शिवारभर. मेंढराचा ताप मोजायची आणि आकडा कागदावर न लिहिता स्वतःच्या डाव्या हातावर पेनानं लिहायची. दुपारपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत आकडेच आकडे.

मी हसलो, तर म्हणाली, "हसा, काका. ताप म्हंजे अंगाची बोंब. बोंब मारून राहिलं तोवर जनावर लढून राहिलं. गार पडलं की खड्डा खणा." आता तिची बदली झाली, पण असं बोलणारी पुन्हा आली नाही.

त्या उन्हाळ्यात रोग आला. नाकातून पिवळा शेंबूड, तोंड आतून सोललेलं, मागून पाण्यासारखी हागवण. पहिल्याच दिवशी चार मेली. खड्डा उथळ झाला, कुत्र्यांनी एकीची आतडी रस्त्यापर्यंत ओढत नेली. मी धोंडा घातला, कुत्र्याची तंगडी मोडली, तरी त्यानं तोंडातलं सोडलं नाही.

ओठांवर खपल्या दिसल्या, म्हणून मी म्हणालो, ही देवी. देवीला आमच्यात कानाला काटा लावतात. आजारी मेंढराची खपली दुधात कालवायची, बाभळीचा काटा त्यात बुडवून चांगल्या मेंढराच्या कानात टोचायचा. थोडा आजार येतो, जनावर तगतं. माझ्या बापानं असे कळप वाचवले. मी चाळीस कान टोचले. सव्वीस राहिली, ती पलीकडच्या कुंपणात होती.

पाचव्या दिवशी टोचलेली पडायला लागली. एक गाभण मेंढी अर्धं कोकरू बाहेर लोंबत असताना मेली. मी ते ओढून काढलं. तेही मेलेलं.

डॉक्टरीन शिपायाला घेऊन आली. तिनं कान बघितले.

"काटा कुणी लावला?"

"मी. माझा बाप लावायचा."

"तुमच्या बापाचं बराबर होतं. पण ही देवी न्हाई, काका, पीपीआर हाय, मेंढरांचा प्लेग. ह्याला तुमी उचलून दारोदार सोडलं."

"मग अंग काहून लढत न्हाई?"

"लढतं की! विषाणू शिरला की अंग बोंब मारतं, बाजूच्यांनी दारं लावून घ्यावीत म्हणून. हा हरामी आधी तोंडच दाबतो. आणि बोंब आवरायला अंगानं स्वतःचाच एक राखणदार ठेवलेला असतो, न्हाई तर मारामारी थांबायचीच न्हाई, अंग आपलंच घर जाळंल. काही विषाणू त्या राखणदारालाच फितवतात. आपलाच माणूस आपल्या नरड्यावर."

मग ती म्हणाली, त्या सव्वीसांतली ताप नसलेली निवडून लस टोचते. मी कुंपणाच्या तोंडाशी आडवा झालो. शेजाऱ्याची मेंढरं सुईनंतर मेलेली मी बघितली होती.

"ती आधीच आजारी असतील. ह्यातलीबी काही मरतील. न टोचता सगळी मरतील. सरका."

"न्हाई सरकत."

ती वाकून माझ्या हाताखालून आत शिरली. मी काठी घातली. तिचं उजवं मनगट तुराटीसारखं कडकन वाजलं. ती किंचाळली, तिथंच ओकली. तिचा शिपाई माझ्या नरड्याला झोंबला, माझं डोकं कुंपणाच्या खांबावर आपटलं.

"सोडा त्यांना," ती म्हणाली. मनगट ओढणीत बांधलं, दातानं सुईचं टोपण काढलं, सुई डाव्या हातात घेतली. "मारून झालं का, काका? आता मेंढरं धरा."

मी धरली. सव्वीसच्या सव्वीस. ताप एकीलाही नव्हता. पुढं त्यातली पाच गेली, एकवीस जगली. काटा लावलेल्यांपैकी तीन.

त्याच संध्याकाळी माझा पोरगा सेनगावहून हसत आला. "आबा, सुटलात. बाईनं दवाखान्यात सांगितलं, मेंढ्यानं धडक दिली म्हणून."

मला अन्न गेलं नाही. माझ्या मेंढ्यानं आजवर कुणाला धडक दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं मी सेनगाव गाठलं. जनावरांच्या दवाखान्यासमोर शेळ्या-मेंढ्यांची ही गर्दी. प्लास्टरचा हात गळ्यात बांधून ती उभी होती, आणि जो तो तिला मेंढ्याचंच विचारत होता.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मेंढ्यानं न्हाई. मी मारलं."

एकजण बाह्या सरसावून पुढं आला. डॉक्टरीननं मान वर केली नाही.

"तमाशा नंतर, काका. ती काळी शेळी लई लाथा मारते. तिचे पाय धरा."

मी पाय धरले. नंतर दुसरीचे. दवाखाना बंद होईपर्यंत धरत राहिलो.