फुकटची जागा

"घर घ्या, शेजारची मोकळी जागा फुकट!" दलाल भाच्याने आणलेली पाटी वाचून निवृत्त गवंडीमामांचा चहा कपातच राहिला.

"फुकट? अरे, घर बांधलं ते तयार जमिनीवर. ही जागा मात्र मी केली. हत्ती बुडेल असा खड्डा होता इथे. कामावरून आलो की मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने चोपायचं."

"खरंय," मामी म्हणाली. "माझ्याशी बोलायला वेळ नव्हता, मातीला थोपटायला होता."

"पण मामा, दोन्ही एकत्र विकायचं तर सूट हवीच."

"मग घरात दे. जागेची किंमत वेगळी लिही, आणि पुरी लिही."

"उफराटा कारभार!" म्हणत भाच्याने पाटी बदलली.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक बाई आल्या. त्यांनी भिंतींना नावं ठेवली, तर मामांनी मुकाट सूट दिली. जागेपाशी त्या थबकल्या. "भराव दिसतोय. खचला तर?"

"उडी मारून बघा."

बाईंनी चपला काढून खरोखरच उडी मारली आणि कळवळल्या. "अहो, हा मुरूम आहे की कातळ?"

"मुरूमच. चोपलेला."

टाच चोळत बाई म्हणाल्या, "दोन्ही घेते. जागेत सूट मागत नाही."

मामा ताठ उभे राहिले. "मागितली असती तरी दिली नसती."