बांध मोडलेल्या रानातला कडुनिंब

दुपारी शेंगा उपटणाऱ्या बायका कडुनिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. सावली सरकेल तशा सगळ्याच थोड्या थोड्या सरकत होत्या.

कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या गावानं जमिनी एकत्र केल्या, तेव्हा बांध मोडले, बांधावरची झाडं तोडली. मग हद्दीच्या अलीकडं की पलीकडं, जिथं भाव बरा तिथं सगळ्यांचा माल एकाच गाडीतून जाऊ लागला. घरं सावरली. माझ्या बांधावरचा हा कडुनिंब मात्र मी सावलीचं कारण सांगून राखला. खरं म्हणजे उद्या फाटाफूट झालीच, तर आपलं रान कुठून सुरू होतं ते कळावं म्हणून. लोक कौतुक करत आले आणि मी ते मुकाट्यानं ऐकत आलो. खरं कळलं तर तोंड फिरवतील, ही धास्ती होती.

आज शेजारच्या गंगूआक्कांना सांगून टाकलं. चटणी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "ठावं हाय की समद्यांला. आमच्या मालकांनी बी वढ्याच्या कडंला खुणेचा दगड पुरून ठेवलाय. फुटायचं असतं तर कवाच फुटलो असतो, भाऊजी. बसा, जेवा."

बायका हसल्या. मी बसलो. पुरत्या भरवशानं आमच्यातलं कुणीच एकत्र आलं नव्हतं, तरी रान एकच राहिलं होतं. आक्कांची भाकरी मला गोड लागली.