पैसे मिळाले नसते तर…

डोंगरातून तूप घेऊन येणारा माणूस बाजाराच्या दिवशी दाराशी आला आणि मडकं खाली ठेवता ठेवता म्हणाला, “भागूबाई वारल्या, बाई. ताप व्हता.” मी आत जाऊन भांडं आणलं, तूप ओतून घेतलं, त्याला पाणी दिलं. ताप कधीपासून होता, शेवटी जवळ कोण होतं, काहीच विचारलं नाही. तो गेल्यावर भांडं हातात धरून तशीच उभी राहिले… या गोष्टीला आता महिना होऊन गेला. रडू अजून आलेलं नाही. येईल, असं लोक म्हणतात.

भागीरथी, म्हणजे भागू, आणि मी भोरच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. या वेळी ती सुट्टीला घरी वर गेली, ती परत आलीच नाही. मी पुण्याची, ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यावरची. ती लहान असताना, डोंगरातल्या घरांनी पोरं शाळेत घालावीत म्हणून सरकारातून दरमहा रोख पैसे मिळू लागले होते. तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते घेतले आणि भागूला आंबवड्याला मावशीकडे ठेवून शाळेत घातलं. पहिल्या पैशांतून एक बकरी घेतली. हे ती सगळ्यांना हसत सांगायची. पुढे पैसे बंद झाले, पण भागूची शाळा सुटली नाही. ती फायनलची परीक्षा पास झाली, मास्तरीण झाली.

गेल्या वर्षी तोच विषय पुन्हा निघाला. घरांना रोख पैसे द्यावेत की नाही, हे ठरवायला गावातली शहाणी माणसं जमणार होती, आणि असे पैसे मिळालेली म्हणून भागूलाही बोलावणं आलं. दिवाळीच्या सुट्टीत म्हणाली, “ताई, वर येता का माझ्याबरोबर? आबांना एक विचारायचंय.”

आम्ही पोचलो तेव्हा आबा म्हशीची धार काढत होते. भागू त्यांच्यासमोर उकिडवी बसली. आबांशी बोलताना तिची भाषा लगेच बदलायची.

“आबा, सरकारचं पैसं मिळालं नसतं, तर मला शाळंत घातलं असतं का?”

“न्हाई,” आबा म्हणाले. हात थांबले नाहीत.

“आन पैसं बंद झालं तवा?”

“तवा तुला न्यायलाच आलतो आंबवड्याला. गुरांमागं कुनी न्हवतं.”

“मग नेलं का न्हाई?”

आबांनी चरवी बाजूला ठेवली. “मावशीनं तुला हाक मारली. तू भाईर आलीस, माज्याकडं बघितलंस, आन गप आत जाऊन कापडं बांधाया लागलीस. रडली न्हाईस, काई इचारलं न्हाईस. मला ते बघवंना. म्हनलं, ऱ्हाऊ दे.”

उतरताना भागू वाटेत एका दगडावर टेकली. मग म्हणाली, “ते खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं का, तेच कळंना.”

बैठकीला मी मागे बसले होते. एक वकील बोलले. रोख पैसे घरखर्चात जिरतात, त्यापेक्षा पाट्या-पुस्तकं द्यावीत. आणि जो बाप पैशासाठी मुलीला शाळेत घालतो त्याला शिक्षणाची गोडी नसते, असं त्यांचं म्हणणं. मला ते अगदीच चूक वाटलं नव्हतं. भागू उठली. “माझ्या वडिलांना गोडी नव्हतीच,” ती म्हणाली. “मी त्यांनाच विचारून आले. त्यांनी पैशासाठीच घातलं. पण घातलं. गोडी मला लागली, आणि माझ्याकडं बघून थोडी त्यांना. नुसतं पुस्तक दिलं असतं तर ते फडताळात राहिलं असतं आणि मी गुरांमागं.”

वकील सौम्यपणे म्हणाले, “बाई, हे एक उदाहरण झालं.”

“व्हय, एकच,” भागू म्हणाली. “बाकीच्या हितं आलेल्या न्हाईत.”

त्या दिवशी काही ठरलं नाही. ठरलं ते आता, ती गेल्यावर. डोंगरातल्या मुलींच्या घरांना वर्षभर रोख पैसे देऊन पाहायचे. मला हे रस्त्यात कुणीतरी सांगितलं. मी “बरं झालं” म्हटलं आणि पुढे चालू लागले. भाजी घ्यायची होती, ती घेतली.

गेल्या आठवड्यात आबा आले. तिचं सामान बांधायला मी मदत केली. लुगडी, पुस्तकं, पितळी तांब्या. पुस्तकं त्यांनी काढून माझ्याकडे सरकवली. “हिकडंच ऱ्हाऊ द्या. तितं कोन वाचनार?” म्हणाले. चहा घेतला, तिची घोंगडी खांद्यावर टाकली आणि ते गेले.

ती घोंगडी अंथरून भागू दाराशी निजायची. आत निजलं की गुदमरतं म्हणायची. पहाटे मी पाण्याला निघे तेव्हा तिला ओलांडायला नको म्हणून भिंतीला चिकटून, कळशी छातीशी धरून बाहेर पडे. आता दाराशी नुसती फरशी आहे. आज पहाटेही मी भिंतीला चिकटूनच गेले.