विंगकाकांची गुळणी

विंगकाकांना खरं नाव आहे, पण ते लाइटच्या बिलापुरतंच. बाकी सगळ्या जगाला ते विंगकाका, कारण त्यांचा जन्म गेला नाट्यगृहाच्या विंगेत. प्रॉम्प्टर होते ते. म्हणजे रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही असं उभं राहायचं, हातात नाटकाचं बाड धरायचं आणि नट वाक्य विसरला की हळूच शब्द पुरवायचा. आणि पुरवायचा तोही असा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला शंकासुद्धा येऊ नये. करून बघा एकदा! भल्याभल्यांची कुजबुज एक तर घशात अडकते, नाहीतर थेट बाल्कनीत पोहोचते. काकांची जिथे जायला हवी तिथेच जायची.

काकू त्याच नाट्यगृहात कपडेपट सांभाळायच्या. राजाचा अंगरखा काय नि भिकाऱ्याची झोळी काय, सगळं त्यांच्या हातचं. एकदा ऐन प्रवेशाच्या आधी नायकाची विजार टरकली, तेव्हा तोंडात टाचण्या धरून त्यांनी ती त्याच्या अंगावरच शिवली आणि वर दम भरला, "हलू नकोस, नाहीतर विनोदी नाटकाचं शोकांत होईल." अशी जीभ! नटमंडळी दिग्दर्शकाला भ्यायची नाहीत इतकी काकूंना भ्यायची.

त्याच काकूंचे शब्द म्हातारपणी निसटायला लागले. आधी चाळणीचं "ते भोकाभोकांचं" झालं. मग शेजारणीचं "ती ही" झालं. काकू हसण्यावारी न्यायच्या, काकाही न्यायचे. पण एकदा काकू बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. "मला नाव आठवेना हो भाजीचं," त्या म्हणाल्या. "बोट दाखवायला भाजी समोर नव्हती, आणि मागे माणसं खोळंबली होती." काकांनी त्याच संध्याकाळी लेकीला फोन लावला.

लेकीने दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, "गोळ्या देते, पण अर्धं काम घरी आहे. रोज खेळ खेळा. शब्दांचे, पत्त्यांचे, आठवणीचे. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही. पण जे आहे ते रोज वापरात राहिलं, तर ते टिकायची आशा जास्त."

काका असे कामाला लागले, जणू नव्या नाटकाच्या तालमीच चालू झाल्या! ताटात दहा-बारा वस्तू मांडायच्या, क्षणभर बघू द्यायच्या, वर रुमाल टाकायचा आणि काय काय होतं ते काकूंनी सांगायचं. पत्ते पालथे घालून जोड्या शोधायच्या. शेवटच्या अक्षरावरून शब्द. पेपरातलं शब्दकोडं. दुपारची झोप गेली, टीव्ही गेला. घरात नुसता खेळांचा धुमाकूळ.

आणि खेळ चालायचे तरी किती झकास! काकू म्हणायच्या, "ताटात एक चमचा होता, एक किल्ली होती, आणि एक..." की काका हळूच, "मेण." काकू म्हणायच्या, "मेणबत्ती." काका खूश. शब्दकोड्याचे रकाने भराभर भरायचे. अहो, भरणारच! त्या माणसाला आयुष्यात कुणाच्या तोंडासमोरची शांतता सहन झाली नव्हती. समोरचा अडखळला रे अडखळला की यांचे ओठ हलायचेच. यात वाईट हेतू औषधालासुद्धा नव्हता.

रविवारी लेक आली, घटकाभर खेळ बघत बसली आणि म्हणाली, "बाबा, तुमची बुद्धी मात्र तल्लख व्हायला लागलीय हं. आईचं काय?"

काकांनी ते चेष्टेवारी नेलं. पण मग त्यांच्याही लक्षात यायला लागलं. काकूंनी वाक्य सुरू करणंच सोडलं होतं. शेजारीण आली की "चहा घेणार का?" एवढं विचारायलासुद्धा त्या काकांकडे बघायच्या आणि काका विचारायचे. फोन आला की पुढे करायच्या. शब्द हरवत होते ते हरवतच होते, पण जे शाबूत होते तेही काकू बाहेर काढेनात. जिच्या आवाजाने कपडेपट दणाणायचा, ती बाई स्वतःच्या घरात मुकी व्हायला निघाली होती. काकांची झोप उडाली. त्यांनी खेळ वाढवले. आणि खेळ वाढले तशी मदतही वाढली!

अखेर स्फोट झाला. ताटात त्या दिवशी कात्री होती. जन्मभर जी हातात धरली, तिचंच नाव काकूंना येईना. त्यांनी दोन बोटं हवेत कचाकच चालवली, डोळे मिटले, ओठ जुळवले. "का..."

"कात्री!" काका म्हणाले.

काकूंनी ताट असं ढकललं की चमचा पार दारापर्यंत गेला. "येत होतं मला! अगदी इथपर्यंत आलं होतं. तुम्ही माझ्या तोंडचं पळवता. रोज पळवता! मी विसरले नव्हते, मी थांबले होते." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या एका दमात इतकं बोलल्या होत्या, हे काकांच्या उशिरा ध्यानात आलं. आधी त्यांच्या कानात काकूंचं शेवटचं वाक्यच घुमत राहिलं.

कारण हे वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. नवखे असताना, एका थोर नटीने भर नाटकात लांबलचक विराम घेतला आणि काकांनी घाबरून शब्द फेकला. सगळा प्रवेश मातीत गेला. आत आल्यावर ती बाई म्हणाली होती, "मी विसरले नव्हते रे, थांबले होते." तेव्हापासून काका नटांचे डोळे वाचायला शिकले. विसरलेल्या माणसाची नजर विंगेकडे वळते. थांबलेल्या माणसाची वळत नाही. एवढं सगळं शिकलेला माणूस, आणि बायकोच्या डोळ्यांकडे एकदा धड बघितलं नाही! काकांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मूग गिळून बसायचं ठरलं. ठरवणं सोपं हो! जीभ आवरली तरी ओठ हलायचे, आणि काकू ओठ वाचण्यात तरबेज. मग काका भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. तरी ती जन्माची सवय, कुजबुज निसटायचीच. शेवटी त्यांनी काय करावं? खेळ सुरू व्हायच्या आधी पेलाभर पाणी घ्यायचं आणि त्याची गुळणी तोंडात धरून बसायचं. लोक म्हणतात ना, तोंडात गुळणी धरून बसलाय, तसे हे खरोखरच! एकदा लेक आली तर बाबा भिंतीकडे तोंड करून, गाल फुगवून बसलेले. "बाबा, दात दुखतोय का?" काकांनी नकारार्थी मान हलवली. "आईने शिक्षा केलीय?" काकांनी जरा विचार केला आणि होकारार्थी मान हलवली. काकू हसून हसून बेजार.

पण गंमत वेगळी आणि हाल वेगळे. ताटात रीळ होतं त्या दिवशी काकांचा अंत बघितला गेला. काकू म्हणाल्या, "सुई... नाही. फिरतं ते. आपण ओढतो आणि ते फिरतं." मग काहीच नाही. घड्याळ ऐकू यायला लागलं. मागून काकूंचा हुंदका आला. काकांना वाटलं, हे कसलं औषध? आपली बायको रडतेय, शब्द आपल्या जिभेखाली आहे, आणि आपण पाणी धरून भिंत बघतोय.  पण ते वळले नाहीत, की त्यांनी पाणी गिळलं नाही. मी तर म्हणेन, एवढी मोठी भूमिका त्या नाट्यगृहात कुणी केली नसेल.

"रीळ!" काकू ओरडल्या. काकांच्या तोंडातलं सगळं पाणी भिंतीवर.

रोज असं व्हायचं नाही, हेही सांगायला हवं. कितीदा शब्द यायचाच नाही. मग काकू ती वस्तू उचलून बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हिला आज सुट्टी." पण म्हणायच्या त्या स्वतः. आणि हळूहळू शेजारणीला चहाचं विचारायलाही लागल्या. कधी चहाला "ते गरम" म्हणायच्या, पण विचारायच्या. लपायच्या नाहीत.

पुढच्या तपासणीला तिघं गेली. डॉक्टरीणबाईंनी काकूंनाच विचारलं, "काय मग, घरी यांची मदत होते की नाही?"

"हे ना," काकू म्हणाल्या, "हे हल्ली काहीच..."

आणि अडकल्या. लेकीचा जीव वरखाली झाला. "काहीच कामाला हात लावू देत नाहीत, असं म्हणायचंय तिला," ती घाईघाईने म्हणाली. काकांनी लेकीच्या मनगटावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. काकू समोरच्या खिडकीकडे बघत होत्या. त्यांनी एकदाही काकांकडे नजर वळवली नाही.

"काहीच सांगत नाहीत," काकू म्हणाल्या. "नुसते बसतात. माझी वाट बघतात." जरा थांबून त्यांनीच पुढे जोडलं, "परवा तर चहा करपला, तरी उठले नाहीत."

डॉक्टरीणबाई हसल्या, लेकही हसली. काकांना मात्र रडू फुटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.