अंड्यांच्या पेटीतला कंट्रोलर

लग्न होऊन मी सांगलीहून गंगेकाठी, दुर्गाघाटावरच्या या घरात आले, तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. नवरा रेल्वेत, आठवड्यातले बरेच दिवस बाहेरगावी. घरात सासरे आणि मी. बाबा पौरोहित्य करायचे, यजमानांशी तासन् तास हिंदीत गप्पा मारायचे, पण माझ्याशी बोलणं जेवणापुरतंच.

गेल्या उन्हाळ्यात फ्रिज बिघडला. बंद पडला नाही, थांबेचना. दूध गोठलं, कोथिंबीर काळी पडली, आणि एका सकाळी पाहिलं तर बाबांच्या इन्सुलिनच्या बाटलीत बर्फ. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. ते टाकून दिलं, नवं आणलं आणि शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवलं. बाबा रोज दोन वेळा तिच्या दारात जाऊन उभे राहायचे. त्यांना ते आवडत नव्हतं, हे दिसत होतं.

मिस्त्री म्हणाला, थर्मोस्टॅट चिकटलाय, या मॉडेलचा आता मिळणार नाही, नवा फ्रिज घ्या. पण नवरा घरी नसताना आमच्या अरुंद जिन्यातून फ्रिज वर कोण चढवणार?

लग्नाआधी मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. इथे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एका भंगारवाल्याकडे मला मुठीएवढा तापमानाचा कंट्रोलर मिळाला. पुढे लाल आकडे, मागे लांब वायर, तिच्या टोकाला सेन्सर. घरी आणून पुसत बसले, तेव्हा बाबांनी विचारलं, कशातला आहे? मी खरं सांगितलं. अंडी उबवायच्या पेटीतला.

ते आत गेले आणि गंगाजलाचा गडू घेऊन आले.

"बाबा, यावर पाणी नाही चालायचं. बिघडेल."

त्यांनी गडू माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "मग तुझ्या हातावर घे."

मी हात पुढे केले, नंतर पदराला कोरडे पुसले आणि कामाला लागले. प्लग काढला. जुन्या थर्मोस्टॅटच्या दोन वायरी सोडवून कंट्रोलरला जोडल्या, सेन्सर मधल्या कप्प्यात अडकवला, पाच अंशांवर आकडा लावला आणि प्लग घातला. आकडे उजळले, पण फ्रिज गप्प. जोडण्या पुन्हा तपासल्या. सगळं बरोबर होतं. आतला गारवा मात्र उतरत चालला होता, लाल आकडा पाचाच्या वर गेला होता.

बाबा पाटावर बसून बघत होते. "अजून अंडीच उबवायला बसला असेल तो," ते म्हणाले.

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी लक्षात आलं. कंट्रोलर गरम करण्यावर लावलेला होता. गार झालं की सुरू, गरम झालं की बंद. बटण दाबून मी ते उलटं केलं. काही मिनिटांनी मागून कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली.

इन्सुलिन लगेच ठेवलं नाही. आधी दोन दिवस वाटीभर पाणी ठेवून पाहिलं. ते गार राहिलं, गोठलं नाही. तेव्हा बाबा स्वतः शेजारणीकडून बाटली घेऊन आले आणि दारातल्या कप्प्यात उभी केली.

त्या संध्याकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "कुठे शिकलीस गं हे?"

मी सांगायला लागले. सांगलीचं कॉलेज, वर्कशॉप, सोल्डरिंगचे डाग देताना भाजलेली बोटं. बाबा मधूनमधून काहीतरी विचारत होते. दोघांचाही चहा गार झाला.